पासून, पर्यंत आणि अजून

मराठीतला ‘परवा’ हा शब्द एकटा असला की तो कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते सांगता येत नाही. ‘परवा गेलो’ म्हटलं की तो मागे वळतो, ‘परवा जाईन’ म्हटलं की पुढे. हिंदीत तर ‘कल’सुद्धा असाच आहे. नोएडात राहायला आल्यावर सुरुवातीला मला त्याची गंमत वाटे. भाजीवाला, प्लंबर, सोसायटीच्या ऑफिसातला माणूस, सगळे दिवसभर ‘कल’ म्हणत आणि कुणाचाच घोटाळा होत नसे. वेळेचा शब्द फक्त अंतर सांगतो: आजपासून एक दिवस, आजपासून दोन दिवस. दिशा दाखवायचं काम क्रियापदाचं.

इंग्रजीत कामाची वाटणी निराळी आहे. तिथे वेळेचा शब्द क्रियापदावर हुकूम चालवतो. ‘येस्टरडे’, ‘टू इयर्स अगो’, ‘इन २०१०’ यांपैकी काही वाक्यात आलं, की क्रियापद साध्या भूतकाळात जायलाच हवं. ‘सिन्स’, ‘सो फार’ असं काही आलं की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लावून पूर्ण वर्तमानकाळ करायचा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवणाऱ्या पिढ्यांपासून आजच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासपर्यंत मराठी माणसानं हे नियम घोकले आहेत आणि तरीही तो तिथेच अडखळतो. मी पंचवीसएक वर्षं भाषांतराचं काम करते. ओळखीचे लोक इंग्रजी अर्ज, पत्रं, तक्रारी तपासायला आणून देतात. त्यांत सगळ्यात जास्त भेटणाऱ्या चुका दोन. एक, ‘आय हॅव बुक्ड द फ्लॅट इन २०१०’. दुसरी, ‘आय ॲम वेटिंग सिन्स टेन इयर्स’.

ही उदाहरणं मी मुद्दाम फ्लॅटची घेतली आहेत. नोएडात हीच वाक्यं जास्त लिहिली जातात, आणि या निबंधातला प्रश्नही त्यांतूनच येतो: घडलेली गोष्ट संपली की नाही, हे ठरवायचा अधिकार कुणाचा? ज्याच्यावर ती गुदरली त्याचा, की व्याकरणाचा?

आधी या चुका होतात कशा ते पाहू. मराठीत ‘मी २०१० साली फ्लॅट बुक केला’ म्हणता येतं आणि ‘मी २०१० साली फ्लॅट बुक केला आहे’ असंही म्हणता येतं. दोन्ही शुद्ध. दुसऱ्या वाक्यातल्या ‘आहे’मुळे ते बुकिंग आजच्या खात्यावर येतं, त्याची पावती अजून माझ्या कपाटात असते. साल सांगितलं म्हणून ‘आहे’ला कुणी हाकलून देत नाही. हिंदीतही ‘२०१० में बुक किया है’ खुशाल चालतं. फ्रेंच आणि जर्मन माणूसही आपल्या ‘हॅव’सारख्या रूपाबरोबर ‘काल’ हा शब्द रोज वापरतो. तेव्हा तारीख आली की वर्तमानाशी नातं तोडायचं, हा नियम जगाच्या रीतीचा नव्हे, इंग्रजीच्या घरचा आहे.

‘सिन्स टेन इयर्स’चं मूळही असंच घरगुती आहे. आपण ‘२०१०पासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि मोजलेल्या मुदतीला ‘फॉर’. मराठीला दोन्हीकडे एकच ‘पासून’ पुरतं. आणि ‘पासून’ आलं की क्रियापद आपल्याकडे निवांत वर्तमानात बसतं: दहा वर्षांपासून राहतोय, दहा वर्षांपासून वाट पाहतोय. मराठी माणसाला हे सरळ वाटतं. आत्ता विचारलंत ना? आत्ता मी वाट पाहतोय. इंग्रजीला ते पुरत नाही. मागून आजपर्यंत ओढत आणलेली वेळ तिला क्रियापदातच दिसायला हवी असते.

रोमन याकोब्सन यांनी १९५९ सालच्या भाषांतरावरच्या निबंधात एक मुद्दा मांडला होता. भाषा काय सांगू शकते याबाबत भाषाभाषांत फारसा फरक नसतो. काय सांगावंच लागतं याबाबत असतो. मला हे साक्षीच्या पिंजऱ्यासारखं वाटतं. प्रत्येक भाषा तोंड उघडण्याआधी बोलणाऱ्याला एखादा प्रश्न विचारते आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पाणिनीच्या संस्कृतात तीन भूतकाळ आहेत. त्यांतला एक आजच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठी आणि एक बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी. म्हणजे ती भाषा विचारते: आज घडलं का? तू पाहिलंस का? मराठीनं ही रूपं सोडली, पण ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ जोडायची सोय ठेवली. इंग्रजी पाहिल्या-न पाहिल्याची चौकशी करत नाही. ती विचारते: झालं ते संपलं का? आणि तारीख सांगितलीत की उत्तर ‘हो’ असं धरून चालते.

या चौकशीचा कडकपणा दाखवणारं एक उदाहरण चॉम्स्कींपासून अनेक भाषाशास्त्रज्ञांनी चर्चिलं आहे. ‘आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं. आइनस्टाइन १९५५ साली वारले आणि ‘हॅज’चा कर्ता हयात असावा, अशी कानाची अपेक्षा असते. तेच वाक्य उलटं केलं, प्रिन्स्टनला आइनस्टाइननं भेट दिलेली आहे असं प्रिन्स्टनला कर्त्याच्या जागी बसवून म्हटलं, तर खटकत नाही, कारण प्रिन्स्टन जागेवर आहे. माणूस गेला की त्याच्या नावावरचे सगळे ‘हॅज’ साध्या भूतकाळात जमा होतात. मराठीत आपण ‘आइनस्टाइननं असं म्हटलं आहे’ हे सहज म्हणतो, ‘तुकोबांनी सांगितलं आहे’ तर रोजच म्हणतो. गेलेल्या माणसाचं बोलणं चालू ठेवायला आपलं व्याकरण आडवं येत नाही.

आणखी एक विसंगती. ‘हॅव’च्या या रूपाला शाळेत आपण पूर्ण वर्तमानकाळ म्हणतो. क्रिया पूर्ण झाली, एवढंच त्या नावातून कळतं. प्रत्यक्षात इंग्रज माणूस ते रूप वापरतो तेव्हा क्रिया झालेली असली तरी तिचं काहीतरी अजून बाकी असतं: परिणाम, आठवण, देणं. नावात ‘पूर्ण’ आणि कामात ‘बाकी’, अशा काळाविषयी मुलांचा गोंधळ झाला तर नवल नाही.

आता नोएडाकडे येते. या शहराचं नाव एका सरकारी प्राधिकरणाच्या आद्याक्षरांचं आहे: न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी. १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, त्याची स्थापना झाली. एका तारखेला कागदावर जन्मलेलं हे शहर पुढे आगाऊ विकलेल्या घरांवर वाढलं. नकाशा दाखवायचा, पैसे घ्यायचे, तीन वर्षांत ताबा देण्याचं लिहून द्यायचं. अनेकांना घरं मिळाली. अनेकांना मिळाली नाहीत. ऑगस्ट २०१७मध्ये जेपी इन्फ्राटेक ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आम्रपाली समूहाची रेरा नोंदणी रद्द करून अपुरे प्रकल्प एनबीसीसी या सरकारी कंपनीकडून पुरे करून घ्यायला सांगितलं. त्या एका प्रकरणात सुमारे ४२ हजार घरांचा प्रश्न होता. एका हातानं घरभाडं आणि दुसऱ्या हातानं गृहकर्जाचा हप्ता देणारी कुटुंबं इथे प्रत्येक सोसायटीत सापडतात. एक्स्प्रेसवेवरून जाताना काही सांगाडे तर मी इतक्या वर्षांपासून पाहते आहे, की तिथे उगवलेली पिंपळाची रोपं आता झाडं झाली आहेत.

याच शहरानं साध्या भूतकाळाचं ठळक उदाहरणही पाहिलं. सेक्टर ९३एमधले सुपरटेकचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता पाडले गेले. सुमारे ९ सेकंदांत दोन्ही खाली आले. तारीख आहे, वेळ आहे, क्रिया संपली, धूळही बसली. मात्र त्या ९ सेकंदांच्या मागे अलाहाबाद उच्च न्यायालयाचा एप्रिल २०१४चा निकाल होता, सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२१चा निकाल होता आणि त्याआधीपासून शेजारच्या इमारतींतल्या रहिवाशांनी वर्गणी काढून चालवलेली लढाई होती. वर्तमानपत्रांना ९ सेकंद लिहिणं सोपं गेलं. ‘पासून’ लिहायला जास्त जागा लागते.

आमच्या सोसायटीत अमरावतीकडचे एक काका भाड्यानं राहतात. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, दिल्लीत पस्तीसेक वर्षं काढलेले. त्यांनी आणि काकूंनी मिळून २०१० साली एक फ्लॅट बुक केला होता. दोन वर्षांपूर्वी ते एक पत्र घेऊन आले. ‘अगं, तू भाषांतरं करतेस ना, जरा एवढं इंग्रजी बघून दे. फार काही बदलू नकोस, फक्त चुका काढ.’

पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात तीन वाक्यं होती. मी आणि माझ्या पत्नीनं २०१०मध्ये फ्लॅट बुक केला आहे, यात ‘हॅव बुक्ड’. आम्ही तेरा वर्षांपासून वाट पाहत आहोत, यात ‘आर वेटिंग सिन्स’. आणि तिसरं: ‘माय वाइफ हॅज एक्स्पायर्ड इन २०१९’.

‘एक्स्पायर्ड’ हा शब्द आपल्याकडे आदरानं वापरतात. इंग्लंडमध्ये तो औषधाच्या बाटलीवर आणि पासपोर्टवर जास्त दिसतो. तो मी तसाच ठेवला. वाचणारा इथलाच होता. पण ‘हॅज’ आणि २०१९ यांना एका वाक्यात ठेवणं चूक होतं, म्हणून मी ‘हॅज’ खोडलं. काका बघत होते.

‘‘हॅज’ काढलंस?’

‘काका, साल लिहिलं की ‘हॅज’ येत नाही.’

‘साल तर लिहायला पाहिजे. सालाशिवाय कोण वाचतो?’

‘हो, साल ठेवू या. ‘हॅज’च काढायला लागेल.’

‘मग वरच्या ओळीतलंही काढशील? बुकिंगचं?’

‘नियमानं काढायला हवं.’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तिचं काढ. ते झालं. बुकिंगचं राहू दे. ते कुठे झालंय अजून?’

यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. इंग्रजीचा नियम त्यांना माहीत नव्हता, पण त्या नियमाच्या पोटात जे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कुठली गोष्ट संपली आणि कुठली नाही, याचा निवाडा त्यांच्याकडे तयार होता. दोन्ही वाक्यांत साल होतं, दोन्ही वाक्यांत ‘हॅव’ची चूक सारखीच होती. व्याकरणाच्या लेखी दोन्ही वाक्यं एकाच मापाची. त्यांच्या लेखी एकात मरण होतं, ते मान्य करण्यावाचून इलाज नव्हता, आणि दुसऱ्यात एक देणं होतं, ते मान्य करून टाकायला ते तयार नव्हते.

आणि मधलं वाक्य त्याहून अवघड होतं. ‘आम्ही वाट पाहत आहोत.’ कोण आम्ही? करारावर दोघांची नावं आहेत. काकूंनी नऊ वर्षं वाट पाहिली, इथे साधा भूतकाळ खराच आहे. काका अजून पाहताहेत. एकाच कागदावर सह्या केलेल्या दोघांना इंग्रजीत दोन वेगळे काळ लावावे लागतात. मराठीतही खरं तर लावावे लागतात, पण ‘आम्ही’ म्हणताना आपण गेलेल्या माणसाला लगेच वगळत नाही. ‘आमचं घर व्हायचं आहे’ यातल्या ‘आमचं’मध्ये काकू होत्याच.

व्याकरणाच्या विरोधात उभं राहणं आता सोपं आहे. चुकीचं इंग्रजी हेच खरं इंग्रजी, ते तसंच ठेवावं, असं म्हणून टाकता येईल. भारतीय इंग्रजीला तिचे स्वतःचे नियम आहेत हे मलाही मान्य आहे. तरी मी ते म्हणणार नाही, कारण तारखेचा तो कडक नियम ज्याची बाजू घेतो तो पुष्कळदा दुबळा माणूस असतो. काळ धूसर ठेवण्यात वाट पाहणाऱ्याचा फायदा क्वचितच असतो. फायदा असतो वचन देणाऱ्याचा.

इथल्या साइट ऑफिसात ताब्याविषयी विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळे: ‘बस, हो ही गया समझिए.’ झालंच समजा. भूतकाळाचं रूप, भविष्यकाळाचा अर्थ. व्याकरण म्हणून यात गैर काही नाही. मराठीत आपणही दारातून बाहेर पडायच्या आधी फोनवर ‘आलोच’ म्हणतो, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. वर्तमानाच्या जवळ असलेलं भूत-भविष्य वर्तमानाच्या रूपात सांगायला पाणिनीनंही मुभा दिली आहे. ‘आलोच’ला कुणी खोटं म्हणत नाही. तो आश्वासनाचा प्रकार आहे: माझं मन आधीच तुझ्या दाराशी पोचलंय, पाय मागून येताहेत. फरक पडतो तो हे आश्वासन मोडल्यावर त्याचा खर्च कुणाच्या अंगावर येतो यानं. ‘आलोच’ म्हणणारा अर्ध्या तासानं उगवला, तर आल्यावर ओशाळतो तोच. ‘हो ही गया’ म्हणणाऱ्याला काहीच भरावं लागत नाही. भाडं आणि हप्ता ऐकणारा भरतो.

करारातली भाषा आणखी सावध असते. मराठीत ‘पर्यंत’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘३१ मार्चपर्यंत पैसे भरा’ म्हणजे त्या दिवसाच्या आत केव्हाही. ‘३१ मार्चपर्यंत थांबा’ म्हणजे तोवर सलग. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अनटिल’. घर विकणाऱ्यानं लिहून दिलेलं असतं पहिल्या प्रकारचं ‘पर्यंत’, घेणाऱ्याच्या वाट्याला येतं दुसऱ्या प्रकारचं. आणि ‘३६ महिन्यांच्या आत’ असं लिहिलेलं असलं तरी ते कशापासून मोजायचे, हे पुढच्या कलमात असतं: करारापासून, की पायाभरणीपासून, की शेवटची परवानगी मिळाल्यापासून. मुदत पक्की आणि तिचा आरंभ सरकता. अशा वेळी इंग्रजीचा मास्तरी आग्रह, की तारीख सांग आणि क्रियापद नीट लाव, हा घेणाऱ्याच्या हातातली काठी होतो. आम्ही पैसे भरले, अमुक दिवशी. तुम्ही लिहून दिलं, तमुक दिवशी. इथे साधा भूतकाळ हवाच.

कायद्यानं या पेचातून काढलेली वाट मला भाषांतरकार म्हणून शिकण्यासारखी वाटते. कायद्याला तारीख लागते, कारण मुदतीचा कायदा आहे. ग्राहक तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते. साध्या भूतकाळातलं प्रत्येक वाक्य त्या घड्याळाला चावी देतं: अमुक दिवशी घडलं, म्हणजे त्या दिवसापासून मोजा, म्हणजे दोन वर्षांनी संपलं. पण १९६३च्या मुदत अधिनियमात २२वं कलम आहे. करारभंग किंवा अपकृत्य चालूच असेल, तर ते चालू असेपर्यंत क्षणाक्षणाला मुदत नव्यानं सुरू होते, असा त्याचा आशय. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात हेच कलम कामाला आलं. सभासदांनी १९९३ साली फ्लॅट बुक केले, १९९७ साली ताबा मिळाला, पण विकसकानं भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिलं नाही. त्यामुळे पालिकेला जास्तीचा मालमत्ता कर आणि जास्तीची पाणीपट्टी द्यावी लागत राहिली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तक्रार मुदतबाह्य ठरवली. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. प्रमाणपत्र न देणं ही एकदा घडून संपलेली गोष्ट नाही, तो अन्याय चालूच आहे, असं मानलं.

रेरा कायद्यातही ही समज दिसते. ताबा लांबला आणि खरेदीदार प्रकल्पात टिकून राहिला, तर दर महिन्याच्या विलंबासाठी व्याज, ताबा मिळेपर्यंत. कराराची तारीख भूतकाळात पक्की आणि देणं मात्र महिन्यागणिक वर्तमानात. काका जे वाक्य इंग्रजीत मांडू पाहत होते आणि व्याकरण मांडू देत नव्हतं, ते कायद्यानं मांडलं आहे. फक्त त्यानं ते एका वाक्यात कोंबलं नाही. तारखेला वेगळी जागा दिली, चालू असण्याला वेगळी.

पत्राचंही शेवटी तसंच केलं. पत्नीनं आणि मी २०१०मध्ये फ्लॅट बुक केला, पूर्णविराम. ती २०१९मध्ये वारली, पूर्णविराम. मी अजून वाट पाहत आहे. तीन छोटी वाक्यं, प्रत्येकात एक काळ, व्याकरणाला बोट ठेवायला जागा नाही. काकांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, ‘ठीक आहे. तेवढं ‘स्टिल’ जाड अक्षरात कर.’ मी केलं. पत्राची पोच आली.

मी त्यानंतर या प्रकाराकडे माझ्या नेहमीच्या कामात, म्हणजे साहित्याच्या भाषांतरातही, जास्त लक्ष देऊ लागले. मराठीतून इंग्रजीत जाताना हा निवाडा पानोपानी करावा लागतो आणि तो लेखकाला न विचारता होतो. दलित आत्मकथनांचं उदाहरण घ्या. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, तेव्हापासून या लेखनाचे कितीतरी इंग्रजी अनुवाद झाले, होत आहेत. या लेखनात रीती भूतकाळ भरपूर असतो. पाणी वरून ओतायचे. वेगळं बसवायचे. हाक मारताना जात घ्यायचे. मराठीत ‘ओतायचे’ म्हटल्यानं ते थांबलं अशी ग्वाही मिळत नाही. ‘ओतायचे’ला लागूनच ‘अजूनही ओततात’ म्हणता येतं आणि ऐकणारा दचकत नाही. इंग्रजीत याचं पहिलं सुचणारं रूप म्हणजे ‘यूज्ड टू’. आणि ‘यूज्ड टू’ ऐकलं की इंग्रजी वाचक आपोआप धरून चालतो, की पूर्वी होतं, आता नाही. लेखकानं आपल्या लहानपणाविषयी सांगितलं होतं. भाषांतरानं त्यात एका युगाचा शेवट जाहीर करून टाकला. चूक दाखवायला गेलं तर सापडणार नाही, शब्दकोश भाषांतरकाराच्याच बाजूनं साक्ष देईल.

उलट दिशेनंही हे घडतं. एखाद्या बाईनं सांगितलेली, तिच्यापुरती मिटलेली गोष्ट आपण कळवळ्याच्या भरात ‘हॅव बीन’ लावून उघडी ठेवतो. तिला ती मागे टाकायची असते आणि आपलं क्रियापद तिला पुन्हा तिथे उभं करतं. काकांनी ‘तिचं काढ’ म्हटलं, ते ऐकणंही भाषांतरकाराचं काम आहे. प्रत्येक जखम चालू ठेवायची, हा काही नियम होऊ शकत नाही. ज्याची आहे त्यानं काय म्हटलं आहे, मजकुरात कुठे ‘अजून’ आहे, कुठे ‘झालं’ आहे, हे शोधावं लागतं. जिवंत लेखकाला सरळ विचारता येतं. मी आता विचारते: हे थांबलंय का? काही लेखकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. काही बराच वेळ उत्तर देत नाहीत. एकीनं मला उलट विचारलं, ‘तुमच्या इंग्रजीला एवढी घाई का?’

घाई इंग्रजीला नसावी. तिच्यात ‘वूड’ आहे, ते ‘यूज्ड टू’एवढं ठाम दार लावत नाही, ‘स्टिल’ आहे, ‘टु धिस डे’ आहे, वाक्य तोडून दोन करायची सोय आहे. या सगळ्याला थोडी जास्त जागा लागते, कधी लय बिघडते, आणि संपादकाला वाटतं की शब्द फाजील झाले. मराठीत एका ‘आहे’त जे मावलं होतं त्याला इंग्रजीत तीन शब्द पडतात. हा खर्च कुणीतरी सोसायचाच असेल तर तो भाषांतरकारानं सोसावा. बोलणाऱ्यानं आपली बाजू एकदा सांगितलेली आहे.